बिनपगारी अकरा दिवस

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडताच कपाटावर फेकशील, हे धरून चालूनच लिहितोय. पण काम अडलंय आणि या कामातलं कळणारा माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय कुणी नाही.

मला नोकरी लागली. एकोणपन्नासाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. मोठा दवाखाना आहे, सहा मजली. तळघरात लाँड्रीच्या शेजारी शिवणखोली आहे, तिथं. फाटक्या चादरी शिवायच्या, पेशंटचे गाऊन शिवायचे, ऑपरेशनच्या हिरव्या कापडांना पट्टी मारायची. गाऊन पाठीकडून उघडे असतात. जन्मभर लोकांची अंगं झाकायला शिकलो आणि आता उघडं ठेवायचं शिवतोय. तू असतास तर यावर दिवसभर हसला असतास.

दोन वर्षांपूर्वी तू मुलीकडे गेलेला असताना मी दुकानातली पाचही मशिनं विकली. त्यातली तीन तुझी होती. तुला विचारलं नाही, सांगितलं ते विकून झाल्यावर. तेव्हापासून तू माझं तोंड बघितलेलं नाहीस आणि माझी बायको म्हणून तुझ्या बहिणीचंही नाही. त्याबद्दल मी आज काही बोलत नाही. दुकानात कागदाचं सगळं तू बघायचास आणि मी नुसत्या सह्या करायचो, म्हणून हे तुझ्याकडे येतंय.

नेमणुकीचं पत्र चार पानी आहे, त्याची नक्कल सोबत ठेवलीय. ऑफिसातल्या मुलीनं भराभर वाचून दाखवलं, मी मान हलवत राहिलो. घरी आल्यावर कळलं की मला काहीच कळलेलं नाही. सहा महिने प्रोबेशन म्हणजे नक्की काय? ‘रजा अनुज्ञेय नाही’ आणि ‘रजा जमा होईल’ अशी दोन्ही वाक्यं एकाच पानावर आहेत, मग होते की नाही? ठरलेला पगार आणि हातात येणारा पगार यात एवढं अंतर का? आणि शेवटच्या पानावर कलम अकरा आहे, कुटुंबाच्या उपचारांचं. ते कधीपासून लागू होतं तेवढं बघ. घाई नाही, सहज विचारतोय.

ती बरी आहे. तिनं काही विचारायला सांगितलेलं नाही.

— मी


३ मार्च

दादा,

तुझा कागद मिळाला. वर नमस्कार नाही, खाली सही नाही, पण ओळीखाली पट्टी ठेवून लिहिलेलं अक्षर तुझंच. दोनदा वाचला. तिनं माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. कलमांबिलमांचं तिला काय कळणार? नुसतं अक्षर बघत बसली होती.

आता मला असं समजलंय, चुकत असलो तर सांग. सहा महिने मी कच्च्या टाक्यावर आहे. कधीही उसवता येईल असा. या काळात महिन्याला दीड दिवस रजा माझ्या नावावर जमा होत राहील, पण कायम होईपर्यंत ती वापरता येणार नाही. बँकेत पैसे आहेत पण पासबुक त्यांच्याकडे, तसं. प्रोबेशनमध्ये घरी राहिलो तर तो दिवस बिनपगारी. आणि जेवढे दिवस बिनपगारी, तेवढे प्रोबेशन पुढे सरकणार. हे तू खाली दोन रेघा मारून लिहिलंयस.

कलम अकराचं तू लिहिलंस की कायम झालेल्या कर्मचाऱ्याच्या बायकोचे सगळे उपचार त्या दवाखान्यात फुकट, ऑपरेशनसुद्धा. आणि त्याच्यापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह काढलंस. ते प्रश्नचिन्ह कशासाठी? मी सगळ्याच कलमांबद्दल विचारलं होतं.

पहिला पगार झाला. स्लिपवर एवढे रकाने आहेत, झग्याला चुण्या असाव्यात तसे. फंड कापला, गणवेशाचे कापले, ओळखपत्राचे कापले. ते गळ्यातलं कार्ड हरवलं तर पुन्हा कापणार. गणवेश मीच शिवून घेतो म्हटलं, तर लिननच्या बाई, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुख, म्हणाल्या, “मास्तर, इथं स्वतःचं शिवायला बंदी आहे. दुसऱ्या कुणी शिवलेलंच घालायचं.” खांद्यात सैल आहे. बघवत नाही, पण घालतो.

सकाळी आठला बोटाचा ठसा द्यायचा, पाचला पुन्हा. माझी बोटं सुईनं एवढी टोचलेली आहेत की यंत्र मला ओळखतच नाही. पाच-सहा वेळा दाबावं लागतं. मागे रांग लागते आणि लोक म्हणतात, “मास्तर आले, आता बसा.”

सहा महिने म्हणजे ३१ जुलै. एक ऑगस्टला मी पक्का.

ती ठीक आहे. कामाला बाहेर जात नाही आता, घरीच हुक आणि काज करते. मनात आलं तर.

— मी


१२ एप्रिल

दादा,

एक घोळ झालाय. माझ्याकडून झाला असेल तर तसं सांग, त्यांच्याकडून असेल तर काय करता येईल ते सांग.

२४ मार्चपासून मी कामावर जाऊ शकलो नाही. ताप होता. चार एप्रिलला पुन्हा गेलो. मधल्या दोन दिवशी माझी आठवड्याची सुट्टी होती, म्हणजे गैरहजर नऊ दिवस, बरोबर ना? स्लिपवर अकरा लावलेत. मला वाटलं चुकलंय, म्हणून जेवणाच्या सुट्टीत वर ऑफिसात गेलो. ती मुलगी चांगली आहे, मला काका म्हणते. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

“काका, सुट्टीच्या आधी पण तुम्ही नाही आणि नंतर पण नाही. मग मधली सुट्टीसुद्धा गैरहजेरीत जाते.”

“अगं पण सुट्टी तर सगळ्यांनाच असते. त्या दिवशी मी आलो असतो तर तुम्हीच परत पाठवलं असतं.”

“हो काका.”

“मग मी त्या दिवशी गैरहजर कसा?”

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मला पण कामाला लागले तेव्हा हेच विचारायचं होतं.”

मधल्या एका दिवशी जरी येऊन तासभर बसलो असतो तरी ते दोन दिवस वाचले असते म्हणे. हे आधी कोण सांगणार? चार पानांत कुठं आहे ते? तिनं दाखवलं. आहे. तिसऱ्या पानावर, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत. तू परत पाठवलेल्या नकलेत त्या ओळीवर पेन्सिलनं फुली मारून ठेवली होतीस, ते मला घरी आल्यावर दिसलं. तू सांगितलं होतंस, मीच वाचलं नाही.

तर आता अकरा दिवस पगार नाही, ते एक जाऊ दे. पण ३१ जुलैचं ११ ऑगस्ट झालं. बारा ऑगस्टला पक्का. यातून दोन दिवस जरी कमी होत असतील तरी मला हवेत. अर्ज कुणाकडे करायचा? शब्द काय वापरायचे? तू लिहून दे, मी खाली सही करतो. पूर्वीसारखी.

दादा, पगाराचं नाही म्हणालात तरी चालेल, असं अर्जात लिहिता येतं का? पैसे कापा पण दिवस कापू नका, असं?

— मी


९ जून

दादा,

अर्ज तू सुरेख लिहून दिला होतास. लिननच्या बाईंनी शिफारस केली, ऑफिसातल्या मुलीनं स्वतः वर नेऊन दिला. काल नाकारून आला. ‘नियमात तरतूद नाही.’ खाली तिघांच्या सह्या.

पत्राच्या शेवटी तू पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त एक ओळ लिहिलीस. ‘ताप तुला होता की तिला?’

मला होता. तसं लिहिलंय ना.

ती मजेत आहे. तीन मजले चढायला थोडा वेळ लागतो, पण वयाप्रमाणे तेवढं चालायचंच. मधल्या जिन्यावर खिडकी आहे तिथं उभी राहते आणि खाली बघत बसते, मी विचारलं तर म्हणते, “रस्ता बघते. तुला काय घाई आहे?” रात्री दोन उशा लागायच्या, आता चार घेते. बसल्या बसल्याच झोपते. तिला तसं बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र झालीय. मार्चनंतर ती मला काही सांगत नाही. पूर्वी डोकं दुखलं तरी घर डोक्यावर घ्यायची, तुला माहीत आहेच. आता मी विचारतो तर “छान आहे” म्हणते. बोलताना तीन शब्दांनंतर थांबते आणि थांबल्यावर हसते, म्हणजे मला वाटावं की हसायला थांबली. मी सकाळी निघताना दाराशी येते, चप्पल पुढे करते, डबा देते. जणू मला घराबाहेर काढायची तिलाच घाई आहे.

लाँड्रीतल्या इस्त्रीमास्तरांशी माझी गट्टी जमलीय. पंचवीस वर्षं त्या वाफेत काढली त्यांनी, कान लाल झालेत कायमचे. त्यांच्या नावावर एकशे चाळीस दिवस रजा साठलीय. मी म्हटलं, एवढी रजा घेऊन करणार काय? म्हणाले, “कुणाकडे जायचं? घरी इस्त्रीच करतो.” एक दिवस आपणहून म्हणाले, “माझ्यातली वीस दिवसांची तू घे, मला काय करायचीय.” आम्ही दोघं कपडे बदलून, केस विंचरून ऑफिसात गेलो, दोन मुलगे परीक्षेचा निकाल बघायला जातात तसे. रजा दान करता येते, पण कायम माणसानं कायम माणसाला. कच्च्याला नाही.

परत येताना जिन्यात ते म्हणाले, “मास्तर, पण एवढी कशाला हवीय तुला?” मी म्हटलं, सहज.

— मी


२४ जुलै

दादा,

अठरा दिवस राहिले.

त्या अकरा दिवसांनंतर मी एकही दिवस चुकवलेला नाही. दात सुजला होता तेव्हाही गेलो. लिननच्या बाई म्हणाल्या, “असं काम करणारा माणूस मी बघितला नाही.” मला लाज वाटली. कामासाठी जात असतो तर गोष्ट वेगळी.

तू विचारतोस ते सगळं मी आज लिहू शकत नाही. तिला शब्द दिलाय. एवढं सांगतो की तिला जरा दम लागतो आणि त्यावर इलाज आहे. बारा ऑगस्टला सकाळी मला कायम झाल्याचा कागद मिळेल, तो घेऊन मी त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर जाणार आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय. ते म्हणाले, आत्ताच दाखल करा, वाट बघण्यासारखं नाही. मी म्हटलं, बारा तारखेपर्यंत गोळ्यांवर चालेल का? ते म्हणाले, “चालेल की नाही ते मी नाही सांगू शकत.” मी ते ‘चालेल’ असं ऐकलं.

बाराला तुला जमलं तर ये. मला बघायचं नसेल तर बघू नकोस. तिच्यासाठी ये. तिनं बोलावलेलं नाही, पण परवा झोपेत तुला हाक मारली. “दादा, खाली उतर, पडशील.” लहानपणी कुठं चढला होतास तू?

— मी


१० ऑगस्ट

दादा,

तू आलास तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. तिच्या पायाशी बसून राहिलास, तिचे तळवे हातात घेऊन. निघताना मागे न बघता विचारलंस, “मला का नाही कळवलं?” आणि उत्तराची वाट न पाहता गेलास. उत्तर हे आहे.

तिच्या हृदयातली एक झडप बिघडली होती. लहानपणी तिला महिनाभर ताप येऊन सांधे सुजले होते, तुला आठवत असेल, तूच तिला पाठुंगळी घेऊन फिरायचास. त्यात ती झडप आखडली आणि चाळीस वर्षांनी वर आली. दोन वर्षांपूर्वी, तू मुलीकडे होतास तेव्हा, एका पहाटे ती निळी पडली. नळीतून फुगा घालून झडप मोकळी करावी लागली. दोन दिवसांत पैसे भरायचे होते. पाच मशिनं गेली ती त्यात. दादा, मी धंद्याला कंटाळलो नव्हतो. मी जुगार खेळलो नव्हतो. तू चारचौघांत मला चोर म्हणालास तेव्हा ती आतल्या खोलीत नळी घातलेली जखम ओली असताना पडून होती आणि मी तुला आत येऊ दिलं नाही.

तिनंच शपथ घातली होती. म्हणाली, “दादाला कळलं तर तो घर विकेल. आई गेल्यापासून त्यानं माझ्यासाठी शाळा सोडली, माझं लग्न होईपर्यंत स्वतःचं केलं नाही. एक आयुष्य घातलंय त्यानं माझ्यात, आता दुसरं मागायचं नाही. तू सांगितलंस तर मी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही.” आणि ती चढली नसती. तुझीच बहीण.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की ही तात्पुरती डागडुजी आहे, पुढे झडप बदलावी लागेल. या जानेवारीत ती वेळ आली. त्याचा आकडा ऐकून मी बाहेर बाकावर बसलो. तिथंच भिंतीवर शिंपी पाहिजे असा कागद लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, कायम कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला उपचार मोफत. म्हणून ही नोकरी. म्हणून कलम अकरा. तुझं प्रश्नचिन्ह बरोबर होतं.

मार्चमधला ताप माझा नव्हता. तिच्या छातीत पाणी झालं होतं. अकरा दिवस मी तिच्या उशाशी होतो. बरी झाल्यावर तिनं ती स्लिप वाचली, तुझा कागदही वाचला, दोन रेघा मारलेला. तिला सगळं कळलं. मी घरी राहिलो की तारीख पुढे जाते. त्यानंतर तिनं दुखणं लपवायला घेतलं. तळघरातून मी येईपर्यंत तोंड धुऊन, केस नीट करून बसायची. शेजारच्या बाईंनी आता सांगितलं, दुपारी ती जमिनीवर भिंतीला टेकून तासन्‌तास बसायची आणि त्यांना म्हणायची, “यांना सांगू नका, सुट्टी घेतील.”

दोन ऑगस्टला सकाळी मी नेहमीसारखा निघालो. ती म्हणाली, “जा तू, मी बरी आहे, उगाच दिवस घालवू नकोस.” तिनंच मला पाठवलं. साडेअकराला लिननच्या बाई स्वतः खाली आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. मी मशिनवरून पाय काढलाच नाही, मला वाटलं पाय काढला तर त्या बोलतील.

मी आता हिशेब करतो तो एवढाच. ते अकरा दिवस मी घेतले नसते तर एक ऑगस्टला ती चौथ्या मजल्यावर दाखल झाली असती. दोनला ती घरी एकटी नसती. पण मार्चमध्ये मी नसतो तर ती मार्चमध्येच गेली असती. की नसती? तू कागद वाचणारा माणूस आहेस, तूच सांग यात कुठं चुकलं.

शोकरजा तीन दिवस असते, भरपगारी. कायम लोकांना. माझे साडेसहा दिवस बिनपगारी लागले, अर्ध्याचा एक धरतात. ऑफिसातली मुलगी अर्ज घेताना रडली आणि रडतच म्हणाली, “काका, प्रोबेशन सात दिवस पुढे गेलं.” मी तिला म्हटलं, आता काय घाई आहे.

— मी


१९ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन फिरतोय. तू वर माझं नाव घातलंस, खाली सही केलीस. लिहिलंस की मशिनांचं मनातून काढून टाक, चोर म्हणालो ते मी माझ्या तोंडानं परत घेतो. लिहिलंस, ‘तिनं स्वतः तुला कामावर पाठवलं हे वाचलं आणि महिन्याभरानं मला झोप लागली. शेवटपर्यंत तिच्या मनासारखं झालं.’ मला तिकडे येऊन राहायला सांगितलंस. खोली रिकामी आहे म्हणालास.

हे पत्र वाचल्यावर तू ते परत घेशील, तर घे.

तिनं मला पाठवलं नाही.

महिनोन्‌महिने रोज पाठवत होती, ते खरं. पण त्या सकाळी नाही. मी डबा भरत होतो. ती चार उशांना टेकून बसली होती, हात मांडीवर उलटे ठेवून. डबाही मीच भरला त्या दिवशी, ती उठली नव्हती. त्यावरूनच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी तिच्याकडे न बघता झाकण लावत होतो.

ती म्हणाली, “आज राहतोस का?”

मी म्हटलं, “का ग, जास्त होतंय?”

“नाही. राहा नुसता.”

दादा, सव्वीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “आजचा सोडून नऊ दिवस राहिलेत. आता कच खाल्ली तर सगळं पाण्यात जाईल. नऊ दिवस काढ.” लहान पोराला दटावतात तशा आवाजात म्हणालो.

ती म्हणाली, “बरं.”

चप्पल माझी मीच घातली. दार ओढून घेतलं. जिन्यातल्या खिडकीपाशी आलो तेव्हा पाय थांबले, खोटं नाही सांगत. परत वर जावं असं वाटलं. घड्याळात बघितलं, आठला वीस कमी होते. ठसा लागायला वेळ लागतो, उशीर झाला तर अर्धा दिवस जातो. मी उतरलो. त्या दिवशी यंत्रानं मला पहिल्या दाबातच ओळखलं.

हे मी तुला दहा ऑगस्टला लिहिणार होतो. लिहायला बसलो आणि हातानं दुसरंच लिहिलं. तिच्या तोंडी मला सोईचं वाक्य घातलं. ती आता ‘असं मी म्हणाले नव्हते’ म्हणायला येणार नव्हती. आणि त्या वाक्यावर तुला झोप लागली. मला लागत नाही.

परवा कायम झाल्याचं पत्र मिळालं, महिनाभर उशिरा, तारीख एकोणीस ऑगस्टचीच. सोबत रजेचा तक्ता. रुजू झाल्यापासूनची सगळी रजा एकदम खात्यावर आलीय, साडेदहा दिवस. ऑफिसातल्या मुलीनं महिन्यांप्रमाणे लावून दाखवली, फेब्रुवारीपासून दीड दीड. मी जुलैच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, इथपर्यंत किती? ती म्हणाली, “नऊ, काका.” म्हणजे त्या सकाळी माझ्या नावावर नऊ दिवस होते, आणि मी तिला नऊ दिवस काढ म्हणत होतो. त्या मुलीला मी हे सांगितलं नाही. पोर आहे, मनाला लावून घेईल.

कुटुंबाच्या उपचारांचा फॉर्म पण दिला होता. तो कोराच परत केला.

तुझ्याकडे राहायला मी येत नाही. तू बोलावलंस ते तिनं पाठवलेल्या माणसाला, मला नव्हे, हे मला माहीत आहे. रागानं चार ओळी लिहिल्यास तरी चालेल. नुसता कागद पाठवलास तरी तुझा म्हणून ओळखेन.

काल अर्ज केला, एका दिवसाचा. लिननच्या बाईंनी कारण न विचारता सही केली. आज पहिल्यांदा मी घरी आहे, भरपगारी. सकाळी सातला उठलो, आंघोळ केली, डबा भरला नाही. तिची खाट अजून तशीच आहे. तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. साडेअकरा झाले, मग दोन झाले. शेजारच्या बाई डोकावून विचारून गेल्या, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, आज राहिलोय.

पत्र आज टाकणार नाही. त्यासाठी खाली उतरावं लागेल. उद्या कामावर जाताना टाकीन.

— मी